गाणाऱ्या मुलांचा रंगमंच

महाराष्ट्राच्या संगीतपरंपरेत ‘बाल’, ‘मास्टर’ आणि ‘कुमार’ ही तीन उपपदे अशी आहेत की, ज्यांना ती कोवळ्या वयात लाभली त्यांना ती जन्मभर चिकटून राहिली. नारायण श्रीपाद राजहंस १९६७ साली निवर्तले तेव्हा त्यांचे वय ७९ वर्षांचे होते. पण लोकांच्या तोंडी ते अखेरपर्यंत ‘बालगंधर्व’च होते. कृष्णराव फुलंब्रीकर पंचाहत्तरी ओलांडून १९७४ साली गेले, ते ‘मास्टर कृष्णराव’ म्हणूनच. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली यांचा १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे अंत झाला. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी सदुसष्ट वर्षांच्या ‘कुमार’ गंधर्वांच्या निधनाची वार्ता दिली. ही उपपदे गौरवाची आहेत ह्यात शंका नाही. तथापि ती एका प्रसंगाची साक्षही देतात. कधीकाळी एक लहान मूल मोठ्या माणसांपुढे गायले, ऐकणारे थक्क झाले आणि त्या थक्क होण्याला त्यांनी एक नाव देऊन टाकले. नाव ऐकणाऱ्यांनी दिले. ते वागवायचे मात्र मुलाला होते.

ह्या नावांमागे एक प्रश्न दडलेला आहे, आणि संगीताच्या इतिहासात तो क्वचितच विचारला गेला आहे. लोकांपुढे गाताना त्या मुलाला आनंद होत होता काय? होत असेल तर कशामुळे, आणि नसेल तर कशाच्या अभावी? दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक ह्या सलग सांस्कृतिक प्रदेशात ह्या प्रश्नाची सामग्री विपुल आहे. त्याचे एक विचारपूर्वक दिलेले उत्तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बंगळूर शहरात आकाराला आले. ते देणारा मनुष्य स्वतः बालपणी नाटक कंपनीच्या आश्रयाला गेलेला होता, ही गोष्ट त्या उत्तराला विशेष वजन देणारी आहे.

•

लोकांपुढे गाण्याचे भय हे काही अनादी काळापासून चालत आलेले नाही. ज्या परंपरेत ऐकणारे आणि गाणारे हे दोन वेगळे वर्ग नव्हते, तेथे ह्या भयाला जागाच नव्हती. वारकऱ्यांच्या दिंडीत पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या हाती टाळ दिले जातात तेव्हा त्याची परीक्षा घ्यावी, असे कोणाच्या मनातही नसते. त्याचा ठेका चुकला तरी शेजारचे वीस टाळ तो सावरून घेतात. शब्द विसरला तरी ध्रुपद परत येतेच, आणि ते आले की मूल पुन्हा सर्वांबरोबर असते. हादग्याच्या फेरात गाणाऱ्या मुली कोणाला ऐकवण्यासाठी गात नाहीत. फेर हाच तेथे गायकवर्ग आणि तोच श्रोतृवर्ग. गोपाळकाल्यात पेंद्याचे बोबडे बोल बोलणाऱ्या पोराचे अडखळणे हा त्या सोंगाचाच भाग होऊन जातो. लोकमान्यांच्या काळात, १८९३-९४ नंतर, गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप आले आणि त्याबरोबर मेळे उभे राहिले. ह्या मेळ्यांनी मुलांना प्रथमच खऱ्याखुऱ्या परक्या गर्दीपुढे उभे केले. पण तेही ताफ्याने, एकसारख्या पोशाखात, एका आवाजात. पुढे रंगभूमीवर व संगीतात नाव मिळवलेल्या अनेकांची पहिली पायरी मेळ्याची होती, ती उगाच नव्हे.

कर्नाटकातही हाच न्याय दिसतो. दासांची पदे भजनात म्हटली जात आणि भजनाला वयाची अट नसे. कर्नाटक संगीताच्या आरंभीच्या पाठांची रचना परंपरा पुरंदरदासांकडे सोपवते. सरळी, जंटी, अलंकार आणि त्यानंतरची लहान लहान गणेशस्तुतीपर गीते अशी ती चढण आहे. मुलाच्या घशाला आणि स्मरणाला झेपेल इतकीच प्रत्येक पायरी उंच आहे. बंगळूरला रामनवमीच्या आणि त्यागराज-पुरंदरदासांच्या आराधनेच्या निमित्ताने जे गोष्ठीगायन होते, त्यात गुरू, शिष्य आणि शिष्यांची मुले एकाच सतरंजीवर बसून तीच कृती एकदम गातात. मागच्या रांगेतल्या मुलाला अवघड संगती येत नसेल तर ते ती सोडून देते आणि पल्लवीला पुन्हा मिसळते. लोकांपुढे गाण्याचा त्याचा पहिला अनुभव असा सोबतीचा असतो.

ह्या साऱ्या रूपांत तीन गोष्टी समान आहेत. मूल एकटे नसते. त्याची चूक समूहात विरून जाते. आणि समोर बसलेला मनुष्य कोणत्याही क्षणी गाणाऱ्यांत सामील होऊ शकतो. ह्या तीन गोष्टी जेथे सुटल्या, तेथे मुलांच्या गाण्याचा इतिहास वेगळ्या वळणाला लागला.

•

ते वळण नाटक कंपन्यांचे होते. १८४२ साली उत्तर कानड्यातील कर्की येथील भागवत मंडळी सांगलीस आली, तिचे खेळ चिंतामणराव पटवर्धनांनी पाहिले आणि त्यांच्या प्रेरणेने विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, हा इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. कन्नड मुलखातून आलेली ही प्रेरणा १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’त संगीत नाटकाचे रूप घेऊन स्थिरावली, आणि मग मराठी कंपन्या ती परत धारवाड-हुबळीपर्यंत घेऊन गेल्या. त्यांच्या स्पर्धेतून आणि अनुकरणातून कन्नड व्यावसायिक रंगभूमीला जोर चढला. म्हैसूर संस्थानात १८८४ साली गुब्बी येथे निघालेली मंडळी पुढे गुब्बी वीरण्णांच्या हाती आली आणि दक्षिणेतील सर्वांत प्रसिद्ध कंपन्यांपैकी एक झाली. वीरण्णा स्वतः लहानपणीच रंगभूमीवर आले होते.

कंपनीला मुले हवी असत, त्याची कारणे अगदी व्यावहारिक होती. स्त्रिया रंगभूमीवर येत नसत. स्त्रीभूमिकेसाठी न फुटलेला आवाज लागे. ध्वनिक्षेपक नव्हते, थिएटरच्या अखेरच्या रांगेपर्यंत पोचेल अशी उंच, धारदार पट्टी मुलाच्या गळ्यात सहज सापडे. प्रल्हाद, ध्रुव, रोहिदास, बाळकृष्ण ह्या भूमिका तर मुलांवाचून होतच नसत, आणि प्रेक्षकांचे डोळे हुकमी पाणावण्याचे ते साधन होते. ह्या मुलांना कंपनीत जेवण मिळे, तालीम मिळे, प्रसंगी मोठ्या गवयाची तालीमही मिळे. उत्तम गाण्याचा संस्कार त्यांच्यावर रात्रंदिवस होई. हा लाभ लहान नव्हता. परंतु मुलाचे कंपनीतील स्थान त्याच्या आवाजावर अवलंबून होते आणि आवाज तर एके दिवशी फुटणारच होता. रामभाऊ कुंदगोळकरांचा बालपणीचा गोड आवाज किशोरवयात फुटला. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कठोर तालमीतून त्यांनी तो नव्याने घडवला आणि ते सवाई गंधर्व झाले. त्यांना ते साधले. ज्यांना साधले नाही, त्या असंख्य मुलांची नावे कोणत्याच इतिहासात नाहीत. एका हंगामात टाळ्या आणि पुढच्या हंगामात पडद्यामागची कामे, हा त्यांचा जीवनक्रम असे.

कंपनीतल्या मुलाचे भय हे गाणे विसरण्याचे भय नव्हते. ते जागा गमावण्याचे भय होते, आणि ते टाळ्यांच्या गजरानेही जात नसे.

•

मुलाच्या मनात लोकांपुढे उभे राहताना काय चालते ह्याची साक्ष मोठ्यांच्या लेखनात फार थोडी सापडते. जी सापडते ती मोलाची आहे. १९२४ च्या डिसेंबरात बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषविलेले हे एकमेव अधिवेशन. त्यात स्वागतगीत म्हणणाऱ्या शाळकरी मुलींमध्ये धारवाडची अकरा वर्षांची एक मुलगी होती. तीच पुढे गंगूबाई हनगल म्हणून विख्यात झाली. त्या दिवसाची जी आठवण गंगूबाई उतारवयात सांगत, तीत सुरांची चिंता नव्हती. गाणे झाल्यावर आपल्या जातीमुळे आपल्याला जेवणाच्या उष्ट्या पत्रावळी उचलायला सांगतील की काय, ही धास्ती त्या मुलीच्या मनात होती. गांधींपुढे, एवढ्या जनसमुदायापुढे गाताना तिला व्यासपीठाची भीती वाटली नाही. भीती वाटली ती व्यासपीठावरून उतरल्यानंतरची. मुलांच्या सभाधीटपणाविषयी बोलताना ही आठवण विसरता येत नाही. समोरचे लोक आपल्याला कोण समजतात, हे मुलाला नीट कळते, आणि त्याच्या गळ्याचा मोकळेपणा त्या कळण्यावर अवलंबून असतो.

ह्याच्या उलट बाजूचे एक चित्र १९३८ सालच्या सोलापुरातले आहे. मास्टर दीनानाथांच्या जलशात त्यांची नऊ वर्षांची मुलगी प्रथमच रंगमंचावर बसून गायली. गाणे संपल्यावर ती तेथेच, वडिलांच्या मांडीवर डोके ठेवून झोपी गेली आणि जलसा पुढे चालू राहिला, असे लता मंगेशकर सांगत असत. भर रंगमंचावर, दिव्यांच्या उजेडात, शेकडो डोळ्यांसमोर एका मुलाला झोप लागते, ह्याहून त्याच्या निर्भयतेचा दुसरा पुरावा कोणता? त्या रात्री रंगमंच हे तिच्या घराचेच एक दालन होते. अवघ्या चार वर्षांनी वडील गेले आणि गाणे हे घर चालवण्याचे साधन झाले. मग मात्र त्या झोपेला जागा उरली नाही.

ही दोन चित्रे शेजारी ठेवली असता एक गोष्ट स्पष्ट होते. मुलाचा आनंद त्याच्या प्रतिभेच्या प्रमाणात नसतो. गंगूबाई आणि लता ह्या दोघींच्या गळ्यात उद्याचे गाणे होतेच. फरक होता तो भोवतालच्या आधाराचा.

•

गंगूबाईंनी गांधींपुढे गायिले त्याच वर्षी, ८ एप्रिल १९२४ रोजी, बेळगावपासून जवळच असलेल्या सुळेभावी गावी शिवपुत्राचा जन्म झाला होता. वडील सिद्धरामय्या गाण्याचे शौकीन आणि स्वतः गाणारे. मुलाने सहा-सात वर्षांचा होईतो गाण्याकडे विशेष लक्ष दिल्याचे कोणाला दिसले नाही. आणि मग एकाएकी तो ग्रामोफोनच्या तबकड्यांवरची मोठमोठ्या गवयांची गाणी जशीच्या तशी म्हणू लागला. रामकृष्णबुवा वझे, अब्दुल करीम खाँ, सवाई गंधर्व ह्यांची तीन-साडेतीन मिनिटांची गाणी हरकती-मुरक्यांसकट त्याच्या गळ्यातून निघत. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ म्हटले. मग गावोगाव जलसे सुरू झाले. १९३५-३६ च्या सुमारास अलाहाबादच्या आणि मुंबईच्या संगीत परिषदांत बारा वर्षांच्या आतबाहेरचा हा मुलगा गायला, तेव्हा देशातील नामांकित कलावंत त्याच्यापुढे विस्मयाने बसले होते.

ह्या टप्प्यावर एखादा बालकलावंत हरवून जाणे अगदी सोपे होते. त्याच्याजवळ जे होते ते परक्याचे होते. ते त्याला हुबेहूब येत होते, आणि लोकांना तेच हवे होते. टाळी पडत होती ती साम्याला. अशा मुलाला जो आनंद मिळतो तो आरशाला मिळावा तसा असतो. शिवपुत्राचे भाग्य असे की, मुंबईला त्याला प्रा. बी. आर. देवधर भेटले आणि वडिलांनी त्याला त्यांच्या स्वाधीन केले.

देवधर मूळचे मिरजेचे, विष्णु दिगंबर पलुसकरांचे शिष्य. १९२५ साली त्यांनी मुंबईत गिरगावात संगीतविद्यालय काढले होते. पाश्चात्त्य संगीताचा परिचय, आवाजाच्या साधनेचा शास्त्रीय अभ्यास आणि सर्व घराण्यांविषयी खुले मन हे त्यांचे विशेष होते. पलुसकरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापन केले तेव्हा संगीताला गुरूच्या घरातून वर्गात आणले होते. स्वरलिपी, क्रमिक पुस्तके, ‘संगीत बालप्रकाश’सारखी मुलांसाठी लिहिलेली पाठ्यपुस्तके, समूहगान आणि विद्यार्थ्यांचे जाहीर कार्यक्रम ही त्यांची साधने होती. ह्या पद्धतीवर पुढे पुष्कळ टीका झाली. वर्गातून गवई निर्माण होत नाहीत, हा तिच्यावरचा कायमचा आक्षेप. त्यात तथ्य आहेच. परंतु ह्या पद्धतीने एक गोष्ट प्रथमच साध्य केली. सामान्य घरातील, सामान्य गळ्याच्या मुलाला लोकांपुढे गाण्याचा अधिकार मिळाला. तोवर तो एकतर गवयाच्या मुलाला होता किंवा अद्भुत बालकाला.

देवधरांच्या विद्यालयात अद्भुत बालक सामान्य विद्यार्थ्यांत येऊन बसले. तेथे सर्व घराण्यांचे गवई येत, गात, वाद घालत. तबकडीवर ज्यांचे तीन मिनिटांचे गाणे ऐकले होते, त्यांचे विचार करणारे, अडखळणारे, पुन्हा मांडणारे गाणे त्या मुलाला समोर बसून ऐकता आले. हुबेहूब येणे ही विद्येची सुरुवातही नव्हे, हे त्याला येथे उमगले असले पाहिजे. कारण पुढे ज्या गायकाने कोणत्याही घराण्याची नक्कल म्हणून एक स्वरही लावला नाही, तो ह्याच विद्यालयातून बाहेर पडला. ‘कुमार’ हे उपपद नावाला राहिले. त्यातला आरसा फुटला.

•

कुमारांच्या जन्मानंतर पाच वर्षांनी, १९२९ साली, दक्षिण कानडा जिल्ह्यात बंटवाळजवळच्या एका खेड्यात बाबुकोडी वेंकटरमण कारंत ह्यांचा जन्म झाला. यक्षगानाचा मुलूख, रात्र रात्र चालणारे खेळ, चंडेचा घोष आणि भागवतांचे गाणे हा तेथील मुलांचा पहिला संगीतसंस्कार. तिसरीत असताना शिक्षकांनी ह्या मुलाला कुवेंपूंच्या ‘नन्न गोपाल’ ह्या बालनाटकात उभे केले. रानातून एकट्याने शाळेत जायला घाबरणाऱ्या एका मुलाची ही कथा. भीती वाटली तर रानातल्या आपल्या दादाला हाक मार, असे आई सांगते. मूल हाक मारते, आणि बासरीवाला गोपाळ सोबतीला येतो. पुढे मुलांसाठी कारंतांनी जे काही केले, त्याचे बीज ह्या पहिल्या भूमिकेतच होते असे म्हणण्याचा मोह आवरत नाही. भित्र्या मुलाला धीराचा उपदेश काही उपयोगी पडत नाही. त्याला सोबत लागते, आणि ती सुरातून येते.

हा मुलगा घरातून पळाला आणि गुब्बी वीरण्णांच्या कंपनीत दाखल झाला. कंपनीतले बालपण त्याने आतून पाहिले. पुढे राजकुमार ह्या नावाने कन्नड चित्रपटात अढळपद मिळवलेला तरुण नटही त्याच कंपनीत होता. वीरण्णांचे मोठेपण असे की, ह्या मुलातली हुशारी ओळखून त्यांनी त्याला उच्च शिक्षणासाठी काशीस धाडले. बनारस हिंदू विश्वविद्यालयात कारंत हिंदी साहित्य शिकले आणि त्याचबरोबर पंडित ओंकारनाथ ठाकुरांकडे गाणे शिकले. ओंकारनाथ हे पलुसकरांचे पट्टशिष्य. म्हणजे बेळगावकडचा शिवपुत्र आणि बंटवाळकडचा वेंकटरमण, दोघेही बालपणी रंगमंचावर आलेले, वेगवेगळ्या वाटांनी कुरुंदवाडच्या एकाच दृष्टिमंद, द्रष्ट्या शिक्षकाच्या शिष्यांपाशी पोचले. एकाने त्या विद्येतून स्वतःचे गाणे घडवले. दुसऱ्याने मुलांना त्यांचे गाणे देण्याचा उद्योग आरंभिला.

राष्ट्रीय नाट्यविद्यालयातील शिक्षणानंतर कारंतांनी १९६९ ते १९७२ ह्या काळात दिल्लीच्या सरदार पटेल विद्यालयात मुलांना नाट्य शिकवले. मोठ्यांच्या रंगभूमीवर नाव झालेला दिग्दर्शक शाळेत शिकवतो, ही गोष्ट तेव्हा अनेकांना कमीपणाची वाटली असेल. कारंतांच्या पुढील कामाची ती प्रयोगशाळा होती. त्यानंतर ते आणि पत्नी प्रेमा कारंत बंगळूरला आले. १९७४ साली ‘बेनक’ ही संस्था उभी राहिली. ‘बेंगळूरु नगर कलाविदरु’ ह्या नावाचे हे लघुरूप, आणि बेनक म्हणजे गणपतीही. १९७९ साली तिच्याशी संलग्न असे मुलांचे केंद्र, ‘बेनक मक्कळ केंद्र’, सुरू झाले. त्याचा खरा भार वाहिला तो प्रेमा कारंतांनी. शिक्षिका, राष्ट्रीय नाट्यविद्यालयाच्या पदवीधर, वेषभूषाकार आणि पुढे ‘फणियम्मा’ (१९८३) ह्या चित्रपटाच्या दिग्दर्शिका, अशा ह्या बाईंनी मुलांच्या रंगभूमीला फावल्या वेळचे काम मानले नाही. कारंत १९७७ मध्ये दिल्लीस, १९८१ मध्ये भोपाळला आणि १९८९ मध्ये म्हैसूरच्या रंगायनाकडे गेले. बंगळूरच्या मुलांचे केंद्र मात्र चालूच राहिले.

•

मुलांसाठी कारंतांनी केलेल्या नाटकांत ‘पंजर शाले’, म्हणजे पिंजऱ्याची शाळा, हे विशेष बोलके आहे. रवींद्रनाथांनी १९१८ साली लिहिलेल्या ‘तोताकाहिनी’वर ते आधारलेले आहे. एक पक्षी गात असतो, उडत असतो. पण त्याला रीतभात येत नाही. राजा त्याला शिकवण्याचा हुकूम देतो. सोन्याचा पिंजरा होतो, पोथ्यांचे ढीग पडतात, पंडितांना बिदागी मिळते. पक्ष्याच्या चोचीत पाने कोंबली जातात, आणि अखेर पक्षी मरतो. राजा त्याला बोटाने दाबून पाहतो तेव्हा आत कोरड्या कागदांची सळसळ ऐकू येते. ही कथा बंगळूरच्या शाळकरी मुलांनीच मोठ्यांपुढे गाऊन-नाचून सादर करावी, ह्यात एक गंभीर विनोद होता. समोर बसलेले पालक आणि शिक्षक हसत होते. हसता हसता कोणाकडे बोट दाखवले जात आहे, हेही त्यांना कळत असावे.

कारंतांच्या नाट्यसंगीताची घडण मुलांना कशी मानवली, हे नीट पाहण्यासारखे आहे. गाणारे आणि वाजवणारे त्यांच्या रंगभूमीवर लपलेले नसत. ते प्रेक्षकांना दिसत. त्यामुळे संगीत कोठूनतरी येते आणि आपण त्याच्या तावडीत सापडतो, ही मुलांची नेहमीची अडचण संपली. दुसरे, स्वर आणि नाद ह्यांमध्ये त्यांनी उच्चनीच मानले नाही. दगडावर दगड, करवंट्या, काठ्या, टाळ्या, तोंडाने काढलेले आवाज, पावलांचा धपका, ह्या साऱ्यांना त्यांच्या वाद्यवृंदात जागा होती. ज्या मुलाचा सूर कच्चा आहे त्यालाही येथे वाजवायला काहीतरी असे, आणि ते ‘काहीतरी’ शोभेचे नसून त्यावाचून प्रसंग अडे. तिसरे, चाली लहान आवाक्याच्या, ध्रुपदाला पुनःपुन्हा परतणाऱ्या. मूल विसरले तरी गाणे त्याच्यासाठी थांबून असल्यासारखे परत येई. दिंडीतले टाळ, हादग्याचा फेर आणि गोष्ठीगायनातील मागची रांग ह्यांत जे आपोआप घडत होते, ते येथे एका जाणत्या कलावंताने हेतुपुरस्सर, आधुनिक शहराच्या मुलांसाठी पुन्हा उभे केले.

‘अळिलु रामायण’, म्हणजे खारीचे रामायण, हे बेनकच्या मुलांचे नावाजलेले नाटक. रामायणाच्या अफाट पटातून खारीला पुढे आणणे ही निवडच पुरेशी सूचक आहे. सेतू वानरांनी बांधला. पण वाळूचे कण अंगावरून झाडणारी खार नसती तर मुलांना त्या सेतूवर पाय ठेवायला जागा मिळाली नसती.

हा विचार एकट्या बंगळूरचा होता असे नाही. म्युनिकमध्ये कार्ल ऑर्फ ह्या संगीतकाराने १९२४ पासून हालचाल, बोल आणि साधी तालवाद्ये ह्यांवर उभारलेली शिक्षणपद्धती १९४८ नंतर आकाशवाणीच्या द्वारे जर्मन मुलांपर्यंत पोचवली. जपानात शिनिची सुझुकी ह्यांनी १९४६ पासून मात्सुमोतो येथे लहानग्यांना व्हायोलिन शिकवले, आणि १९५५ साली टोकियोत शेकडो मुले एकाच वेळी एकच रचना वाजवताना जगाने पाहिली. सुझुकींच्या परंपरेतील मैफलीचा एक रिवाज मोठा सुंदर आहे. आरंभ कठीण रचनेने होतो आणि ती मोजकीच मोठी मुले वाजवतात. रचना सोप्या होत जातात तशी धाकटी मुले येऊन मिळतात. आणि अखेरच्या सर्वांत सोप्या धुनेला सर्वांत लहान मूलही रंगमंचावर असते. मुंबईत सुधा करमरकरांनी १९५९ साली ‘लिटल थिएटर’च्या वतीने रत्नाकर मतकरींचे ‘मधुमंजिरी’ सादर केले आणि मराठी बालरंगभूमीला नियमित रूप दिले. १९६२ पासून मतकरींनी स्वतःची ‘बालनाट्य’ संस्था चालवली. ह्या सर्व प्रयत्नांत सामग्री निरनिराळी असली तरी मुलाला एकटे पाडायचे नाही, हे तत्त्व एकच आहे.

•

ह्या विचारावर एक आक्षेप घेता येतो आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. समूहाच्या कुशीत सर्व मुले सुखी राहिली, तर एकट्याने आकाशाला गवसणी घालणारा कुमार गंधर्व कोठून येणार? समूहगानाचीही कवायत होऊ शकते. शाळाशाळांच्या स्नेहसंमेलनांत ध्वनिमुद्रित गाण्यावर ओठ हलवणारी, एकसारखे हातवारे करणारी मुले समूहातच असतात, पण तेथे ना त्यांचा सूर असतो ना त्यांची मौज. तेव्हा केवळ घोळका करून प्रश्न सुटत नाही. समूहात मुलाला स्वतःचा असा आवाज असावा लागतो, मग तो दोन करवंट्यांचा का असेना. आणि कुमारांचा दाखला ह्या आक्षेपाच्या विरुद्धच साक्ष देतो. त्यांना बालपणीच्या एकट्या जलशांनी घडवले नाही. त्या जलशांतून उचलून ज्याने त्यांना इतर विद्यार्थ्यांमध्ये बसवले, त्या शाळेने घडवले.

एकविसाव्या शतकात दूरचित्रवाणीवरील बालगायकांच्या स्पर्धांनी जुना प्रश्न नव्या प्रकाशझोतात आणला. गुण, परीक्षक, बाद होणे, कॅमेऱ्यापुढचे अश्रू, हे सारे मुलांच्या वाट्याला आले; त्याचबरोबर खेड्यापाड्यांतल्या गुणी मुलांना कधी नव्हे ते व्यासपीठ मिळाले, हेही खरे. बालकामगारविषयक कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली आणि २०१७ च्या नियमांनी बालकलावंतांसाठी काही मर्यादा घातल्या. दिवसाला पाच तासांहून अधिक काम नाही, विश्रांतीवाचून सलग तीन तासांहून अधिक नाही, मिळकतीचा किमान वीस टक्के भाग मुलाच्या नावे ठेवीत, आणि मुलाच्या इच्छेविरुद्ध त्याला सहभागी करून घ्यायचे नाही. नाटक कंपनीत राबलेल्या मुलांना ह्यांपैकी एकही संरक्षण नव्हते. तरीही कायदा इच्छेविरुद्धचे थांबवू शकतो. इच्छा जागी करणे त्याच्या हाती नाही. ते काम शेवटी शिक्षकाचे, घराचे आणि समोर बसलेल्या श्रोत्यांचे आहे.

बी. व्ही. कारंत १ सप्टेंबर २००२ रोजी बंगळूरला निवर्तले. प्रेमा कारंत २००७ साली गेल्या. त्यांच्या हाताखाली गायलेल्या मुलांपैकी काही पुढे कलावंत झाली असतील; बहुसंख्य मुले इतर माणसांसारखी कामाधंद्याला लागली. त्यांच्यापैकी कोणाच्या नावामागे ‘बाल’, ‘कुमार’ किंवा ‘मास्टर’ असे उपपद लागले नाही. संगीताच्या कोशात त्यांची नोंद सापडणार नाही. परंतु एके संध्याकाळी बंगळूरच्या एखाद्या रंगमंचावर ती उभी राहिली होती, त्यांच्या हाती दोन दगड होते, नेमक्या क्षणी ते वाजवायचे होते, आणि वाजवले तेव्हा शेजारच्या मुलाने मान हलवून दाद दिली होती. खारीच्या पाठीवर रामाच्या बोटांचे पट्टे राहिले, असे कथा सांगते. तेवढी खूण त्या मुलांपाशी राहिली असणार.